पंख्यासमोर बसूनही धापा?

एप्रिलच्या दुपारी कुठल्याही सोसायटीच्या गेटवर हे दिसतं. केबिनमध्ये टेबलफॅन फिरतोय. वॉचमनकाका सदऱ्याची वरची बटणं सोडून त्याच्यासमोर निवांत बसलेत. त्यांच्या पायाशी, त्याच पंख्याच्या झोतात, सोसायटीचं गावठी कुत्रं पसरलंय आणि जीभ बाहेर काढून लहालहा करतंय. वारा दोघांना सारखाच मिळतोय. मग काकांना बरं वाटतं आणि कुत्र्याच्या धापा काही थांबत नाहीत, असं का?

हे कोडं सुटलं की उन्हाळ्यात कुत्र्यांसाठी आपण जे काही करतो, त्यातलं खरं उपयोगी काय आणि नुसतं आपल्या मनाच्या समाधानाचं काय, हेही उलगडत जातं. आपण अंदाज बांधतो ते स्वतःच्या अंगावरून. आपल्याला केस कापले की हलकं वाटतं, बर्फाचं पाणी प्यायलं की जिवात जीव येतो, पंखा लागला की पुरतं. कुत्र्याचं शरीर मात्र उष्णता बाहेर टाकायचं काम निराळ्या जागी आणि निराळ्या रीतीने करतं.

घाम फक्त पंजांना

कुत्र्याच्या शरीराचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा दीड-दोन अंशांनी जास्तच. अंग किंचित गरम लागलं की घाबरून ‘याला ताप आलाय’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. एवढं तापमान राखायचं तर शरीरात सतत तयार होणारी उष्णता बाहेर टाकावी लागते, आणि त्याला वाटा मोजक्याच. गार फरशीला अंग टेकवून उष्णता तिला देता येते. अंगावरून जाणाऱ्या हवेला देता येते. किरणांवाटे आजूबाजूच्या गार वस्तूंकडे सोडता येते. या तिन्ही वाटा भोवताल कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असेल तोवरच उघड्या असतात. विदर्भात पारा ४३ वर गेला की हवाच कुत्र्याच्या अंगापेक्षा गरम होते, आणि याच वाटांनी उष्णता उलटी आत यायला लागते.

उरते चौथी वाट, पाण्याची वाफ होण्याची. एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता सोबत घेऊन जातं. माणसाला यासाठी सगळी त्वचा मिळालेली आहे. डोक्यापासून तळपायापर्यंत घामाच्या ग्रंथी आहेत, आणि पंख्याचा वारा त्या घामाची वाफ करतो. वॉचमनकाकांना गार वाटतं ते यामुळे. कुत्र्याला अंग गार करणारा घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, तोही इतका थोडा की उन्हाळ्यात त्याचा हिशेब धरायलाच नको. अंगावर दाट केस आणि त्याखाली कोरडी कातडी. पंख्याने वाळवायला तिथे काही ओलंच नाही.

तोंडातला कूलर

कुत्र्याकडे ओली जागा आहे ती तोंडात आणि नाकात. जीभ, टाळू, घसा आणि नाकाच्या आतली अस्तरत्वचा मिळून त्याचा कूलर होतो. नागपुरातल्या घरांना लागतो तसाच हा कूलर. वाळ्याच्या ताट्या पाण्याने भिजत ठेवायच्या आणि त्यांच्यातून हवा खेचत राहायची. पाण्याची वाफ होते आणि ताट्या गार होतात. कुत्र्याच्या जिभेत आणि नाकात रक्ताचं दाट जाळं आहे. ते रक्त इथे गार होऊन शरीरभर परत फिरतं.

धापा टाकणारं कुत्रं जरा जवळून न्याहाळा. जीभ नुसती लोंबत नाही, ती टोकाशी रुंद होते, फुगते, लालभडक दिसते. तिच्याकडे रक्ताचा ओघ वाढलेला असतो. एरवी मिनिटाला पंधरा ते तीस वेळा चालणारा श्वास तीनशेच्या घरात जातो. छातीपेक्षा पोटाच्या कडाच भराभर थरथरताना दिसतात.

इथे एक शंका रास्त आहे. इतक्या वेगाने श्वास घ्यायचा म्हणजे स्नायू राबणार, स्नायू राबले की उष्णता तयार होणार. मग थंड व्हायला जाऊन कुत्रं आणखी तापत नाही का? क्रॉफर्ड या संशोधकाने १९६२ मध्ये याचं उत्तर दिलं. कुत्र्याची छाती, बरगड्या आणि श्वासपटल मिळून जो लवचीक सांगाडा होतो, त्याची हलण्याची स्वतःची एक नैसर्गिक लय असते. धाप नेमकी त्याच लयीत चालते. त्या लयीत लवचीकपणाच बरंचसं काम करून टाकतो, स्नायूंना जोर फारसा लावावा लागत नाही. म्हणूनच कुत्रं हळूहळू वेग वाढवत नाही. ते एकतर शांत श्वास घेतं, नाहीतर एकदम धापा सुरू करतं.

दुसरी शंका: माणसाने असे भराभर श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते. कुत्र्याला का येत नाही? कारण धापेचा श्वास फार उथळ असतो. हवा नाक, तोंड आणि श्वासनळीतच ये-जा करते. फुप्फुसांत खोलवर जाणारी हवा साधारण नेहमीइतकीच राहते.

आणि नाकाचं काम जिभेहून कमी नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दाखवलं की धापा टाकताना हवा मुख्यतः नाकाने आत येते आणि तोंडाने बाहेर जाते. नाकाच्या आत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात आणि त्यांच्यावर ओलं अस्तर असतं. थोड्या जागेत खूप मोठा ओला पृष्ठभाग बसवलेला असतो. तिथे हवा पाणी उचलते, आणि तोंडावाटे बाहेर पडताना ती वाफ आणि तिच्याबरोबरची उष्णता बाहेर फेकली जाते. उष्मा आणखी वाढला की कुत्रं नाकातोंडाने दोन्हीकडून हवा आत-बाहेर करू लागतं.

बर्फापेक्षा पाणी किती, ते महत्त्वाचं

थोडा हिशेब करू. वीस किलोच्या कुत्र्याचं तापमान एका अंशाने उतरवायला साधारण १७ किलोकॅलरी उष्णता बाहेर जावी लागते. तेवढी न्यायला सुमारे ३० मिलिलिटर पाण्याची वाफ पुरते, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी. तेच दोन चमचे फ्रीजमधलं गार पाणी कुत्र्याने नुसतं प्यायलं, तर ते शरीराच्या तापमानाला येईपर्यंत जेमतेम एक किलोकॅलरी उष्णता शोषतं. फरक पंधरा पटींहून जास्त आहे.

मला या आकड्यांतून एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पाणी बर्फाचं आहे की साधं, यापेक्षा ते सतत हाताशी आहे की नाही, यावर कुत्र्याचा कूलर चालतो. ताट्या कोरड्या पडल्या की कूलरमधून नुसती गरम हवा येते. कुत्र्याचंही तेच होतं. पाणी कमी पडलं की लाळ घट्ट, चिकट होते, तारा धरते, आणि वाफ व्हायला काही उरत नाही. एरवी कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. वीस किलोच्या कुत्र्याला लिटर-सव्वा लिटर. मे महिन्यात ही गरज सहज दुप्पट होते.

गल्लीतल्या कुत्र्यांसाठी पाणी ठेवताना भांडं पसरट, जड आणि मातीचं किंवा सिमेंटचं असावं. मातीचं परळ उत्तम, त्यात पाणी झिरपून गार राहतं. स्टीलची वाटी उन्हात चटके देते, प्लास्टिकचा डबा पहिल्याच कुत्र्याच्या धक्क्याने कलंडतो. ठेवायची जागा दुपारी दोन ते चार या वेळात जिथे सावली असते ती. सकाळची सावली पाहून भांडं ठेवलं तर दुपारी ते बहुधा उन्हात येतं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये यावर एक आक्षेप हमखास येतो: या भांड्यांत डास होतात. आक्षेप खरा आहे, तो झटकून टाकू नये. डेंग्यू पसरवणारा एडिस डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून नवं भरलं तरी भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. रोज पाणी बदलायचं आणि एक दिवसाआड काथ्याने कडा घासायच्या. एवढं कोणीतरी नेमाने अंगावर घेतलं तर तक्रारीला जागाच उरत नाही.

नागपूर ४३, मुंबई ३४

मे महिन्यात नागपूरला ४३ अंश आणि मुंबईला ३४. कुठल्या कुत्र्याचे हाल जास्त? बहुतेक जण नागपूर म्हणतील. पण नागपूरकराचा कूलर मुंबईत आणून लावला तर खोली दमट होते, गार होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तोंडातल्या कूलरलाही तोच नियम लागू आहे.

नागपूरच्या त्या हवेत आर्द्रता १५ टक्के धरली तर एक घनमीटर हवेत साधारण ९ ग्रॅम बाष्प असतं. मुंबईच्या ३४ अंशांच्या, ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत सुमारे २६ ग्रॅम. कुत्र्याच्या तोंडातून बाहेर पडताना हवा जवळजवळ पूर्ण भिजलेली असते, ४५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे नागपूरची हवा तोंडातून ३६ ग्रॅम पाणी उचलते, मुंबईची जेमतेम १९. तेवढ्याच धापा, पण काम निम्मं. शिवाय दमट हवा रात्रीही फारशी सुकत नाही, त्यामुळे मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीतल्या कुत्र्याला रात्रीचीही उसंत मिळत नाही.

नागपूरकरांनी यावरून निर्धास्त मात्र होऊ नये. तिथे कूलर झकास चालतो, पण पाणी भराभर संपतं, आणि ऊन आणि तापलेली हवा बाहेरून उष्णता ओतत राहते ती वेगळीच. तिथे पाणी चुकलं तर तासाभरात प्रसंग ओढवतो. कोकणपट्टीत पाणी भरपूर असूनही ओढवतो. तिथल्या कुत्र्याला पाण्याच्या जोडीला वारा लागतो आणि पळणं-खेळणं बंद ठेवावं लागतं.

आता पंख्याकडे परत येऊ. कोरड्या अंगाच्या कुत्र्याला तो गार करत नाही, पण त्यावर उपाय साधा आहे. कुत्र्याला ओलं करा, मग पंखा लावा. पोट, जांघा, काखा, पंजे आणि मान कातडीपर्यंत भिजवली की सगळं अंगच ताटी होतं आणि पंख्याला वाळवायला काही मिळतं. गल्लीतली कुत्री गटाराच्या कडेला, नळाखालच्या चिखलात किंवा एसीचं पाणी ठिबकतं तिथे पोट टेकवून का बसतात, तेही यातूनच कळतं. पोटावर केस विरळ असतात. ओली माती आधी उष्णता शोषते, आणि उठल्यावर ओल्या पोटाची वाफ होत राहते. बागेतली माती उकरून खड्डा करणारं कुत्रं वरची तापलेली माती बाजूला सारून खालची गार माती गाठत असतं. माळीकाका ओरडतात, आणि त्यांचंही चूक नाही. बागेच्या एखाद्या कोपऱ्यात झाडाखालची हातभर जागा रोज बादलीभर पाण्याने भिजवून ठेवली तर बाकीचे वाफे वाचतात.

केस, नाक आणि जात

हस्की, गोल्डन रिट्रीव्हर, सेंट बर्नार्ड यांना उन्हाळ्यात पार तासून काढण्याची पद्धत वाढली आहे. हेतू चांगला आहे, पण या कुत्र्यांचे केस दुहेरी असतात, वर लांब राठ केस आणि आत मऊ लव. वरचे केस उन्हाचा मारा कातडीपर्यंत पोचू देत नाहीत. ते गेले की कातडी थेट भाजते आणि केस पुन्हा नीट येतीलच याची खात्री नसते. काढायची ती आतली गळकी लव, आणि त्यासाठी रोज विंचरणं पुरतं. माझं स्पष्ट मत सांगायचं तर सायबेरियातल्या बर्फासाठी घडलेलं कुत्रं अकोल्यात किंवा जळगावात पाळूच नये. घरात आधीच असेल तर त्याला भर उन्हाळ्यात दिवसभर एसी नाहीतर कूलरची खोली द्यावीच लागते.

चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. आपल्याकडे २००३ च्या हच मोबाइलच्या जाहिरातीनंतर पग घरोघरी आला. पग आणि बुलडॉग यांचा जबडा आखूड झाला, पण आतलं मांस त्या मानाने कमी झालं नाही. नाकपुड्या अरुंद, टाळूचा मागचा मऊ भाग घशात लोंबणारा, नाकातल्या त्या ओल्या गुंडाळ्यांना जागा अपुरी. हवा खेचायलाच जोर लावावा लागतो, त्या जोराने उष्णता वाढते, घसा सुजतो, आणि वाट आणखी अरुंद होते. ब्रिटनमध्ये २०१६ या वर्षातल्या नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा लॅब्रॅडॉरच्या तुलनेत बुलडॉगला उष्माघाताचा धोका १४ पट आणि दाट केसांच्या चाऊचाऊला १७ पट निघाला. उष्माघात झालेल्या कुत्र्यांपैकी साधारण सातातलं एक दगावलं होतं.

आपलं गावठी कुत्रं या बाबतीत सुदैवी आहे. लांब नाक, आखूड केस, सडपातळ अंग, मोठे कान. पण सावली आणि पाणी त्यालाही चुकत नाही.

नाकातोंडाचा विषय निघालाच आहे, तर तोंडाला बांधायच्या जाळीबद्दल सांगितलंच पाहिजे. लिफ्टमध्ये आणि फिरताना कुत्र्याच्या तोंडाला काही बांधावं असा आग्रह अनेक सोसायट्यांत असतो. कापडाची घट्ट पट्टी बांधली की तोंड उघडत नाही, आणि तोंड उघडलं नाही की कूलर बंद. उन्हाळ्यात अशा पट्टीने कुत्रं जिवाला मुकू शकतं. बांधायचंच तर पिंजऱ्यासारखी मोकळी जाळी घ्यावी, जिच्यात तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर काढता येते आणि पाणीही पिता येतं.

फिरायला कधी न्यायचं

त्याच ब्रिटिश नोंदींत आणखी एक गोष्ट दिसली. उष्माघाताच्या दर चार प्रकरणांतली जवळजवळ तीन फिरण्या-पळण्यामुळे घडली होती. बंद गाडीत अडकल्यामुळे घडलेली त्या मानाने फारच थोडी. पळताना स्नायू इतकी उष्णता तयार करतात की कूलर पुरा पडत नाही, आणि मालकाने फेकलेल्या चेंडूच्या नादात कुत्रं थांबत नाही. थांबवायचं काम आपलं.

बंद गाडीचा धोका त्यामुळे कमी ठरत नाही. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत उन्हात उभ्या गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढलं, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. ‘पाच मिनिटांत दूध घेऊन येते’ म्हणून कुत्र्याला गाडीत ठेवून जाऊ नये.

रस्त्याचं सांगायचं तर हवा ३५ अंशांवर असताना उन्हातलं डांबर साठीपर्यंत सहज जातं. पेव्हर ब्लॉकही फार मागे नसतात. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहा. आपल्याला सोसलं नाही तर पंजालाही सोसत नाही. शिवाय कुत्र्याचं पोट जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर असतं, तिथली हवा आपल्या चेहऱ्याजवळच्या हवेपेक्षा जास्त तापलेली असते. डांबर आणि काँक्रीट सूर्य मावळल्यावरही बराच वेळ उष्णता सोडत राहतात, म्हणून संध्याकाळी सहापेक्षा सकाळी सहा केव्हाही बरी. सकाळचं फिरणं शक्य नसलेल्यांनी रात्री नऊनंतर न्यावं.

> चौकट : उष्माघात झालाय असं वाटलं तर
>
> खुणा: थांबतच नाहीत अशा धापा, दोरीसारखी घट्ट लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या. त्यापुढे उलट्या, रक्ताचे जुलाब, निळसर किंवा पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, झटके, बेशुद्धी.
>
> आधी गार करा, मग दवाखान्यात न्या. सावलीत आणून सगळं अंग कातडीपर्यंत भिजवत राहा आणि पंखा लावा. पाणी अंगापेक्षा गार असलं की झालं. दुपारी पाइपातलं आणि टाकीतलं पहिलं पाणी चटके देणारं असतं, ते आधी वाहून जाऊ द्या. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते.
>
> शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवा, तोंडात ओतू नका. गुदद्वारातलं तापमान ३९.५ अंशांवर आलं की भिजवणं थांबवा. गाडीच्या काचा उघड्या ठेवून किंवा एसी लावून डॉक्टरांकडे जा.
>
> पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन देऊ नका.

त्या शेवटच्या ओळीचं कारण सांगायला हवं. तापात मेंदू स्वतःहून शरीराचं तापमान वरच्या आकड्यावर नेऊन ठेवतो, आणि तापाची गोळी तो आकडा खाली आणते. उष्माघातात मेंदूचा आकडा जिथल्या तिथे असतो, शरीरच त्याच्या हाताबाहेर गेलेलं असतं. गोळीला करण्यासारखं काही नसतं, उलट या गोळ्या कुत्र्याच्या यकृताला, पोटाला आणि मूत्रपिंडांना इजा करतात. एकेचाळीस अंशांच्या वर शरीर गेलं की पेशींतली प्रथिनं बिघडू लागतात, आतड्यांचं अस्तर फाटून जंतू रक्तात शिरतात, रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते. हे लगेच दिसतंच असं नाही. संध्याकाळी शेपटी हलवणारं कुत्रं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूत्रपिंडं निकामी होऊन जाऊ शकतं. म्हणून बरं दिसलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

गल्लीतला उन्हाळा

उन्हाळ्यात गल्लीतली कुत्री रात्रभर भुंकतात ही तक्रार जवळपास प्रत्येक वस्तीत असते. दिवसा हालचाल परवडत नाही म्हणून त्यांचा सगळा व्यवहार रात्रीवर जातो. अन्न शोधणं, हद्द राखणं, भांडणं, सगळं थंडाव्यात. दिवसा ती सावलीसाठी जिन्यात, मीटरच्या खोलीत, उभ्या गाड्यांखाली शिरतात, आणि इथेच माणसांशी खटके उडतात. अमेरिकेतल्या आठ शहरांतल्या २००९ ते २०१८ या काळातल्या सुमारे ७० हजार चाव्यांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कडक उन्हाच्या दिवशी चावे ११ टक्क्यांनी आणि जास्त उष्ण दिवशी ४ टक्क्यांनी वाढलेले दिसले. कुत्र्यांची चिडचिड वाढते की माणसं जास्त बाहेर पडतात, हे त्या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. पण दुपारी सावलीत पडलेल्या कुत्र्याला हुसकावू नये, मुलांना त्याच्याजवळ पाठवू नये, हे सांगायला तेवढं पुरेसं आहे.

खाऊ घालण्याच्या जागेवरून होणारी भांडणं नियम वाचले तर बरीच मिटतील. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार वस्तीतल्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची व्यवस्था करणं ही रहिवासी संघटनेची जबाबदारी आहे. जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या दारापासून दूर असावी, वेळ ठरलेली असावी. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावर कुठेही खाऊ घालायला मनाई केली आणि त्यासाठी जागा नेमून द्यायला सांगितलं. उन्हाळ्यात ही जागा आणि पाण्याची जागा एकच, सावलीची आणि आडबाजूची ठरवली, तर कुत्री जिन्यात शिरत नाहीत. अन्न सूर्य मावळल्यावर द्यावं. पचनानेही शरीरात उष्णता तयार होते, त्यामुळे दुपारी कुत्रं खात नाही आणि उरलेला दूधभात तासाभरात आंबतो. उन्हाळ्यात खाणं थोडं कमी होणं यात आजार नाही.

एप्रिलमध्ये गल्लीत तीन-चार महिन्यांची पिल्लंही असतात, कारण आपल्याकडच्या मोकाट कुत्र्या बहुतेक हिवाळ्यात वितात. त्यांचा हा पहिला उन्हाळा. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधल्या ३६४ पिल्लांवर नजर ठेवली, तेव्हा सात महिन्यांपर्यंत त्यातली केवळ १९ टक्के जगली होती, आणि बहुतेक मृत्यूंना कुठे ना कुठे माणूस कारण होता. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारून खाली वाकून पाहायला किती वेळ लागतो?

गोचीड आणि आंब्याची कोय

उष्णतेत गोचिडांची वाढ झपाट्याने होते. एकेक मादी हजारांनी अंडी घालते, आणि ती कुत्र्याच्या अंगावर घालत नाही. ती उतरून भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, गादीच्या शिवणीत जाते. म्हणून कुत्र्याला औषध लावूनही आठ दिवसांत गोचीड परत दिसतात. औषध कुत्र्याला आणि त्याच्या बसायच्या जागेला, दोन्हीकडे लागतं. गोचिडांतून एर्लिकिया आणि बबेसिया हे आजार होतात. खाणं बंद होणं, हिरड्या फिकट पडणं, नाकातून रक्त येणं अशी खूण दिसली की रक्त तपासून घ्यावं. रॉकेल चोळू नये. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं औषध वापरू नये, मांजराला ते विष आहे.

आंब्याच्या दिवसांत प्राण्यांच्या डॉक्टरांकडे येणारा एक खास आपल्याकडचा रुग्ण म्हणजे कोय गिळलेलं कुत्रं. गर खायला हरकत नाही. पण चोखून टाकलेली कोय कुत्रं आख्खी गिळतं, ती आतड्यात अडकते आणि पोट फाडून काढावी लागते. वारंवार उलट्या होत असतील, शी होत नसेल आणि घरात आंबा खाल्ला गेला असेल, तर डॉक्टरांना हे आधी सांगावं. सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या बादलीला झाकण असलं की गल्लीतली कुत्रीही वाचतात.

पहिल्या पावसानंतर

कुत्र्याच्या शरीराला उष्म्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे तरी लागतात. मार्चमध्ये पारा एकदम चढतो तेव्हा ती झालेली नसते. दिवसभर एसीत राहणाऱ्या कुत्र्याला ती कधीच पुरती होत नाही. उलट्या टोकाला जूनमध्ये पहिला पाऊस पडून पारा ३३ वर उतरला की आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि कुत्र्याला दुपारीच मैदानात नेतो. पण त्या दिवशीची हवा बाष्पाने भरलेली असते आणि तोंडातला कूलर मेमधल्यापेक्षा कमी काम करत असतो. ऊन नसतं, म्हणून आपल्या ध्यानात येत नाही. पाऊस लागून राहीपर्यंत सकाळचीच वेळ, अर्धंच अंतर आणि सोबत पाण्याची बाटली हा मे महिन्यातला रिवाज चालू ठेवावा. ऑक्टोबरच्या उकाड्यात तो पुन्हा सुरू करावा.